एक मोठा डबा की चार छोटे? वाय-फायचा ऐंशी वर्षं जुना प्रश्न

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना राहून गेलेली दोन-तीन वाक्यं भरली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या मिरजेच्या घरापासून करतो. घर जुनं आणि लांबट. रस्त्याकडे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि पार मागे परसाकडची खोली. ती आजीची. मधल्या भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन फूट जाड. उन्हाळ्यात घर गार राहतं ते त्यांच्यामुळेच. फायबरवाल्या पोराने वायर आणली ती सोप्यापर्यंत. राउटर तिथेच भिंतीवर लटकवला आणि गेला.

दर रविवारी सकाळी ऑस्ट्रेलियातून काकाचा व्हिडिओ कॉल येतो. आजीच्या खोलीत तो दोन मिनिटांत गोठायचा. सोप्यात येऊन बसायचं तर तिचे गुडघे दुखतात. आणि सोप्यात सगळ्यांच्या देखत तिला मुलाशी मोकळं बोलता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. हळूहळू ती म्हणायला लागली, "राहू दे रे, तुम्हीच बोला. मला त्याचं तोंड अर्धंच दिसतं."

आता मी बी.टेक., पोटापाण्यासाठी दिवसभर सर्व्हरशी झटापट करणारा. मी काय केलं? सहा अँटेनांचा महागडा राउटर आणला. दिसायला उलटा पडलेला खेकडा. सोप्यात स्पीड भन्नाट झाला. आजीच्या खोलीत वाय-फायच्या चिन्हात एक रेघ होती तिथे दोन झाल्या, आणि कॉल गोठायचा तो गोठतच राहिला. मग रिपीटर आणला, माजघरातल्या प्लगला खोचला. आता आजीकडे रेघा पूर्ण, आणि स्पीड? सोप्यातल्या स्पीडच्या निम्माही नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दोन्ही बिलं कपाटात नीट जपून ठेवली.

मग मी थोडं मागे जाऊन वाचायला घेतलं. कळलं असं, की 'आवाज पोचत नाही, तर भोंगा मोठा करा' या वाटेने माझ्याआधी बरेच मोठे लोक जाऊन आलेत. परत फिरून त्यांना जे सापडलं ते त्यांनी लिहून ठेवलंय.

जून १९४६. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात बेल कंपनीने मोटारीतून फोन करायची सेवा सुरू केली. रचना साधी होती. उंचावर एक दणकट ट्रान्समिटर आणि त्याच्या टप्प्यात अख्खं शहर. पण एक गंमत बघा. टॉवरचा आवाज मोटारीपर्यंत पोचायचा, मोटारीतला सेट मात्र तुलनेने अशक्त, त्याचं बोलणं टॉवरपर्यंत पोचायचं नाही. म्हणून नुसतं ऐकण्यासाठी शहरात ठिकठिकाणी वेगळे रिसीव्हर बसवावे लागले. आपल्या फोनचं आजही हेच आहे. राउटर जितक्या जोरात बोलतो तितक्या जोरात फोन बोलत नाही, बिचाऱ्याची बॅटरी केवढीशी! स्क्रीनवरच्या रेघा सांगतात तुम्हाला राउटर किती ऐकू येतोय. राउटरला तुम्ही किती ऐकू येताय, ते कोणी सांगत नाही. माझ्या खेकड्याने आजीच्या खोलीतली एक रेघ वाढवली खरी, पण तिच्या फोनचा आवाज होता तेवढाच राहिला.

मोठ्या टॉवरची दुसरी अडचण जास्त गंभीर होती. एका टॉवरकडे मोजक्याच फ्रिक्वेन्सी. त्या जितक्या, तितकीच माणसं एका वेळी बोलणार, बाकीचे ताटकळत. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्समधल्या डी. एच. रिंग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. त्यांचे सहकारी डब्ल्यू. रे यंग यांचाही त्या विचारात वाटा होता. कल्पना अशी: शहराचे मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनी तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात कमी ताकदीचा छोटा ट्रान्समिटर. शेजारच्या तुकड्यांना वेगळ्या फ्रिक्वेन्सी द्या, आणि थोडं लांब गेलं की तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरा. या तुकड्याला 'सेल' म्हणतात, आपला 'सेल्युलर' तिथलाच. अमेरिकेत ही सेवा पैसे देऊन वापरायला मिळाली ऑक्टोबर १९८३ मध्ये, शिकागोत. टिपणापासून सेवेपर्यंत छत्तीस वर्षं.

यातली महत्त्वाची गोष्ट पटकन निसटते, म्हणून पुन्हा सांगतो. छोट्या ट्रान्समिटरचा छोटेपणा हीच त्याची ताकद आहे. त्याचा आवाज लांब जात नाही, म्हणून लांबच्या माणसाला तीच फ्रिक्वेन्सी बिनधास्त वापरता येते.

आता हवाईला जाऊ. बेटांवर. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रमसन यांच्या गटाने बेटाबेटांवरच्या टर्मिनलना रेडिओने मुख्य कॉम्प्युटरशी जोडलं. नाव अलोहानेट, वेग सेकंदाला ९६०० बिट. सगळे एकाच चॅनलवर बोलणार. ज्याला वाटेल त्याने पाठवावं, दोघांचं एकदम निघालं आणि टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा पाठवावं. गणित केल्यावर दिसलं की या पद्धतीत चॅनलचा फार तर १८ टक्के वेळच उपयोगी पडतो. बाकी वेळ एकतर शांतता, नाहीतर टकरा. वाय-फायने यात सुधारणा केली, म्हणजे आधी कान देऊन ऐकायचं आणि कोणी बोलत नसेल तरच तोंड उघडायचं. पण मूळ अट तीच राहिली. एका चॅनलवर एका वेळी एकच बोलणार. एस.टी. स्टँडवर एकच माईक असावा आणि सगळ्या गाड्यांच्या कंडक्टरांनी त्यावरच पुकारा करावा, तसं.

आणि 'आधी ऐका' यालाही भोक आहे. फौआद टोबागी आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये त्यावर निबंध लिहिला. दोन यंत्रं मधल्या तिसऱ्याला ऐकू शकतात, पण एकमेकांना नाही. दोघांनाही वाटतं शांतता आहे, दोघंही बोलतात, मधल्याला काहीच समजत नाही. याला छुपं टर्मिनल म्हणतात. हे वाचताना मला सरळ आमचं घर दिसलं. सोप्यात माझा लॅपटॉप, परसाकडे आजीचा फोन, आणि मध्ये दोन फुटी भिंती.

बरं, मग आपलं वाय-फाय कुठून आलं? कोणाला घरात नेट हवं होतं म्हणून नाही, दुकानातल्या गल्ल्यासाठी. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, तिथल्या मायकेल मार्कस या इंजिनिअरच्या पाठपुराव्यामुळे, काही पट्टे विनापरवाना रेडिओसाठी मोकळे केले. त्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. तो आधीपासून मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांना दिलेला, म्हणजे कचऱ्याचीच जागा; बाकी कोणाला नको होता. कॅश रजिस्टर बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला त्यात फायदा दिसला. मोठ्या दुकानात मांडणी बदलली की गल्ले हलवावे लागतात आणि प्रत्येक वेळी वायरिंग उखडावं लागतं. तिच्या नेदरलँड्समधल्या इंजिनिअरांनी वेव्हलॅन नावाची वस्तू बनवली. तिथलेच व्हिक हेस आणि ब्रूस टच सगळ्या कंपन्यांचं एक मानक व्हावं म्हणून आयईईई या संस्थेकडे गेले. १९९० मध्ये ८०२.११ ही समिती बसली, हेस तिचे अध्यक्ष. मानक छापून यायला १९९७ उजाडलं. वेग सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट.

म्हणजे दुकान, गोदाम, कारखाना. अशा जागी एका डब्याने भागणार नाही हे समितीला ठाऊकच होतं. अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट, सगळ्यांचं नाव एक, मागे त्यांना जोडणारी तार, ही कल्पना पहिल्या मानकातच आहे. (अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे हवेतलं बोलणं तारेत घालणारा आणि तारेतलं हवेत सोडणारा डबा. आपण ज्याला राउटर म्हणतो त्यात राउटर, स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट असे तिघं एकत्र नांदतात.) पण समितीने एक निर्णय असा घेतला की त्याची फळं आपण आजही खातोय. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी जायचं, हे कोण ठरवणार? मोबाइल नेटवर्कमध्ये बोलणं चालू असताना हे नेटवर्क ठरवतं. वाय-फायमध्ये ते फोनवर सोडलं. फोनने कसं ठरवावं, तेही लिहिलं नाही. ज्याने त्याने आपापलं बघावं. माझं मत विचाराल तर यातूनच वाय-फाय स्वस्त आणि सुटसुटीत राहिलं, आणि यातूनच 'दुसरा राउटर लावला तरी फोन जुन्यालाच चिकटून बसतो' ही घरोघरची तक्रार जन्माला आली. पुढे २००८ मध्ये ८०२.११आर आणि ८०२.११के, २०११ मध्ये ८०२.११व्ही अशा पुरवण्या आल्या. त्यामुळे अ‍ॅक्सेस पॉइंट फोनला शेजाऱ्यांची यादी देऊ शकतो, 'तिकडे जा बाबा' असं सुचवू शकतो. सुचवू शकतो. ऐकायचं की नाही हे फोनच्या मर्जीवर.

आता या गोष्टीतला माझा आवडता भाग. मानक छापून यायच्या चार वर्षं आधी, १९९३ मध्ये, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅलेक्स हिल्स यांनी कॅम्पसभर वायरलेस नेटवर्क उभारायला घेतलं. विद्यापीठाच्या तारेच्या नेटवर्कचं नाव अँड्र्यू होतं, कारण कार्नेगी आणि मेलन दोघंही अँड्र्यू. म्हणून हे 'वायरलेस अँड्र्यू'. सुरुवात ९०० मेगाहर्ट्झवाल्या वेव्हलॅनने झाली, पुढे २.४ गिगाहर्ट्झवर गेले आणि दशक संपेपर्यंत कॅम्पस व्यापला.

अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे लावायचे, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. नकाशावर गोल काढून भागत नाही, हे लवकरच कळलं. भिंत कशाची आहे, लिफ्ट कुठे आहे, लोखंडी कपाटं कुठे, यावर गोलाचा पार चुरा होतो. म्हणून पद्धत अशी ठरली की तात्पुरता अ‍ॅक्सेस पॉइंट ठेवायचा, लॅपटॉप घेऊन इमारतभर फिरायचं, सिग्नल मोजायचा, डबा थोडा सरकवायचा, पुन्हा फिरायचं. पुढे त्यांनी या मोजणीसाठी 'रोलअबाउट' नावाचा चाकांचा गाडाच बनवला. जागा ठरल्या की मग चॅनल वाटायचे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तीन रंगांत नकाशा रंगवायचा आणि शेजारी शेजारी एक रंग येऊ द्यायचा नाही. त्यातून इमारत बहुमजली, म्हणजे वरचा मजलाही शेजारीच.

इथे मी थांबलो आणि मोबाइलवर घराचा सिग्नल मोजायचं अ‍ॅप टाकलं. हिल्स यांच्या लोकांनी जे चालून केलं, ते मी एकदाही केलं नव्हतं. डबे विकत घेत सुटलो होतो.

मग घराघरांत 'एकच डबा' ही सवय कुठून आली? माझ्या मते जुलै १९९९ मधून. त्या महिन्यात अ‍ॅपलने न्यूयॉर्कमध्ये आयबुक लॅपटॉप आणला आणि सोबत एअरपोर्ट, ११ मेगाबिटचं वायरलेस. बेस स्टेशनची किंमत २९९ डॉलर. एका कुटुंबाने विकत घ्यायचा, टेबलावर ठेवायचा, सुबक असा एक डबा. अनेक अ‍ॅक्सेस पॉइंटांसाठी आखलेलं तंत्र घरात शिरलं ते एकेकटं. आणि एकच डबा विकायचा म्हटल्यावर जाहिरातीत वाढवण्यासारखं काय उरतं? अँटेना आणि आकडे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला २००५ च्या जानेवारीत, म्हणजे आपल्याकडे ही गोष्ट आली तेव्हा एका डब्याची सवय पक्की झालेली होती.

एक डबा लांबच्या खोलीला नुसता अपुरा पडतो असं नाही. २००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवलं, की लांबचा एक संथ फोन जवळच्या सगळ्यांनाही संथ करतो. वाय-फाय प्रत्येकाला बोलायची संधी सारखी देतं, वेळ सारखा देत नाही. जवळचा लॅपटॉप ११ मेगाबिटने आपलं वाक्य झटकन संपवतो. लांबचा फोन १ मेगाबिटने तेच वाक्य घोळवत बसतो आणि तेवढा वेळ सगळे गप्प. निष्कर्ष असा, की सगळ्यांचा वेग खाली येऊन त्या संथ गड्याच्या जवळपास जातो. आजीचा कॉल चालू असताना माझी मीटिंग अडखळायची त्याचं उत्तर मला इथे मिळालं. मी इतके दिवस फायबरवाल्याला फोन करून भांडत होतो.

राहता राहिलं मेश. म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटांमध्ये तारच नको, त्यांनी हवेतूनच एकमेकांना निरोप द्यावेत. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी केंब्रिज शहरातल्या गच्च्यांवर रूफनेट नावाचं असं जाळं उभारलं. २००५ च्या त्यांच्या निबंधात ३७ नोड आहेत, सरासरी तीन उड्या आणि सरासरी वेग सेकंदाला ६२७ किलोबिट. आणि तंत्र होतं ११ मेगाबिटचं! स्वयंसेवकांच्या गच्चीवर फुकट नेटसाठी हे उत्तमच होतं. त्यातूनच पुढे मेराकी कंपनी निघाली आणि २०१२ मध्ये सिस्कोने ती १.२ अब्ज डॉलरला घेतली. पण उडीची किंमत त्या आकड्यात दिसते. एकच रेडिओ आधी ऐकतो, मग तेच पुन्हा त्याच चॅनलवर बोलतो. प्रत्येक निरोप हवेत दोनदा. माझ्या रिपीटरने स्पीड अर्धा का केला, ते हेच.

मुलांसाठीच्या त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्येही मेश होतं, ८०२.११एसच्या मसुद्यावर बेतलेलं. २००७ मध्ये भारतातला त्यांचा पहिला प्रयोग आपल्या कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत झाला. विखुरलेल्या वस्तीसाठी कल्पना सुंदर. पण जगभरच्या शाळांचा अनुभव असा, की वर्गात डझनांनी लॅपटॉप एकदम उघडले की मेशच्या गप्पांनीच चॅनल भरून जायचं, आणि तिथे साधा अ‍ॅक्सेस पॉइंट बरा पडायचा. २०१६ मध्ये इरो आणि गूगल वाय-फाय आले, मेश घरात आलं. काही कंपन्यांनी डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओच दिला. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोक पाडू देत नसतील तर हे घ्या, वाईट नाही. पण दोन फुटी दगडी भिंत वेगळ्या रेडिओलाही तितकीच दगडी असते.

तर आमच्या घरी शेवटी काय केलं? तीस मीटर कॅट ६ केबल घेतली, सोप्यातून माळ्यावर चढवली आणि तुळईच्या कडेने आजीच्या खोलीत उतरवली. बाबांनी शिडी धरली. खेकडा सोप्यातच ठेवला. फायबरवाल्याचा जुना राउटर आजीच्या खोलीत लावला, पण नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून. त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं. त्याचा आयपी पत्ता बदलून टाकला, नाहीतर दोघांचा एकच निघतो आणि अर्धा दिवस डोकं खाजवण्यात जातो. केबल वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घातली. दोघांचं नाव आणि पासवर्ड एक. पुढचा चॅनल १, मागचा ११, दोन्हीची रुंदी २० मेगाहर्ट्झ. रिपीटर शेजारच्यांनी नेला. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, तरी नेला.

आणि पुढच्या रविवारी कॉल पुन्हा गोठला!

आजीचा फोन रात्रभर माजघरात देवघराशेजारी चार्जिंगला असतो. तिथे तो पुढच्या राउटरला जोडला जातो. सकाळी ती फोन घेऊन आपल्या खोलीत जाते, डोक्यावर नवा अ‍ॅक्सेस पॉइंट, आणि फोन अजून भिंतींपलीकडच्या जुन्यालाच धरून. १९९७ चा तो निर्णय. अ‍ॅपलने आयफोनचा नियम जाहीर केलेला आहे. सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्याशिवाय तो दुसरीकडे बघतच नाही, आणि कॉल चालू असताना दुसरा किमान ८ डेसिबलने सरस असेल तरच हलतो. आजीचा फोन आयफोन नाही, पण स्वभाव तोच. तिच्या खोलीत खेकड्याचा सिग्नल मोजला तर उणे ७० च्या जरा वरच निघाला. फोनच्या मते चाललंय की बरं!

उपाय रिंग यांच्या १९४७ च्या टिपणातलाच होता. आवाज कमी करा. खेकड्याची २.४ गिगाहर्ट्झची ताकद सेटिंगमध्ये जाऊन 'लो' केली. सहा अँटेनांसाठी मोजलेले पैसे आठवून जरा जिवावर आलं, पण केली. आता माजघर ओलांडलं की फोन त्याला सोडून देतो.

त्या रविवारी काकाचा कॉल पाऊण तास चालला. काय बोलले ते मला माहीत नाही. आजीने दार आतून लोटून घेतलं होतं. लाकडी दाराने सिग्नल फारसा अडत नाही.